साय-फाय शॉर्टफिल्म करायचीय? मग थीम आधी आपल्याच गल्लीत शोधा

सोलापुरात हल्ली शॉर्टफिल्म करणारी पोरंपोरी बरीच झालीत, मोबाईलवर शूट करतात, लॅपटॉपवर एडिट करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना साय-फायच, म्हणजे विज्ञानकथाच करायची असते. स्क्रिप्ट वाचायला पाठवतात तेव्हा पहिल्या पानावर २०७५ साल, निळा लाईट, उडणारी रिक्षा आणि शेवटी रडणारा एक रोबो. मला ही स्क्रिप्ट्स वाचायला मनापासून आवडतात कारण त्यामागं ओतलेला जीव दिसतो. पण "हे नेमकं कशाबद्दल आहे रे" असं विचारलं की उत्तर येतं, तंत्रज्ञान शाप की वरदान. आता हा शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. निबंधात दोन्ही बाजू लिहायच्या, शेवटी "वापरणाऱ्यावर अवलंबून आहे" म्हणायचं आणि मार्क घेऊन मोकळं व्हायचं. फिल्म बघायला बसलेला माणूस मार्क द्यायला बसलेला नसतो, त्याच्या पोटात काहीतरी हललं पाहिजे.

माझ्या हिशोबानं साय-फायची थीम म्हणजे एकच प्रश्न: जगात एक गोष्ट बदलली, तर त्या बदलाची किंमत कोण मोजतंय? फायदा कुणाचा, हे सगळे दाखवतात. किंमत कोण मोजतंय ते शोधायला बसलं की थीम आपोआप वर यायला लागते. ते कसं करायचं ते सांगतो, आणि एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत रचूनच दाखवतो, नुसते नियम सांगून काही होत नाही.

सुरुवात मोठ्या शब्दापासून करू नका. माणुसकी, एकटेपणा, स्वातंत्र्य असले शब्द कागदावर लिहिले की पेन तिथंच अडतं. त्यापेक्षा गेल्या महिन्यात कशानं डोकं फिरलं ते लिहा. रांगेत उभं राहून नंबर आला आणि "सर्व्हर डाऊन आहे" ऐकायला मिळालं, फोनवर एक दाबा दोन दाबा करत शेवटपर्यंत माणूस काही बोललाच नाही, आजीला बोलून चालणारा टीव्ही घेतला आणि तिचं तेलुगू मिसळलेलं मराठी त्याला कळेचना. प्रत्येक चिडचिडीमागं एक भीती असते आणि तुमच्या कामाची तीच.

मोठमोठ्या फिल्मसुद्धा अशाच उभ्या राहिल्यात. जपानचा 'गोजिरा' घ्या, आपण ज्याला गॉडझिला म्हणतो तो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीवरच्या २३ जणांना किरणोत्साराची बाधा झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोजिरा पडद्यावर आला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा नऊच वर्षं झाली होती. तो राक्षस म्हणजे सूट घातलेला माणूस आहे हे थिएटरात बसलेल्याला कळत असणारच, तरी लोक हादरले, कारण भीती खोटी नव्हती. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या फिल्ममधल्या शास्त्रज्ञाकडं राक्षसाला मारायचं शस्त्र आहे, पण ते एकदा वापरलं की जग त्याच्याकडं पुन्हा पुन्हा तेच मागणार हे त्याला माहीत आहे, म्हणून तो आपले सगळे कागद जाळतो आणि शस्त्र वापरताना स्वतःही समुद्रात राहतो. अणुबॉम्ब वाईट असं भाषण करून जे झालं नसतं ते त्याच्या या एका निर्णयानं होतं. थीम अशी निर्णयात असते, निर्णय जितका महाग तितकी ती खोल जाते.

आता आपल्याकडं येऊ.

एकच गोष्ट बदला

सोलापूरकराला पाण्याबद्दल काही सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, शंभरेक किलोमीटरवरनं पाईपलाईननं पाणी यायचं आणि नळाला काही दिवसांआड सुटायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. घरात बॅरल, टाक्या, घागरी, पातेली, सगळं भरून ठेवायचं. पाणी सोडणारा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी आत घालून फिरवतो. गल्लीत त्याच्याइतका वट कुणाला नसतो.

आता यात एकच गोष्ट बदला. समजा सगळे व्हॉल्व्ह आपोआप चालायला लागले. कुठल्या गल्लीत किती माणसं, किती वापर, किती प्रेशर, हे बघून एक सिस्टीम ठरवते की कुणाला किती मिनिटं पाणी. बाकी काही बदलायचं नाही. रस्ते तेच, घागरी त्याच, पूर्व भागातली तीच चिंचोळी बोळं, लूमचा तोच आवाज. नवीन लोकांचं इथंच चुकतं, एकाच फिल्ममध्ये पाण्याची सिस्टीम पण असते, रोबो पण असतो आणि मंगळावर वस्तीही असते, मग बघणाऱ्याला कळतच नाही की कुठल्या बदलाकडं बघायचं. एक बदल दिलात तर प्रेक्षक तो मान्य करतो, दुसऱ्याला कुरकुरतो आणि तिसऱ्याला मोबाईल काढतो.

बदल ठरला की त्याचे परिणाम लिहित जायचे, आणि पहिल्या परिणामावर थांबायचं नाही. पहिला परिणाम कुणालाही सुचतो: वशिला बंद झाला, नगरसेवकाच्या गल्लीला जास्त पाणी मिळणं बंद झालं, पाण्याचा टाईम फोनवर आधीच कळतो. चांगलंच की. दुसरा परिणाम: चावीवाल्या मल्लूमामाची नोकरी गेली, फोन नसलेल्या म्हाताऱ्यांना पाणी कधी येतं ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. हेही सुचतं. तिसऱ्याला जरा बसावं लागतं. पूर्वी घरात लग्न असलं की लोक मामाला गाठायचे, "मामा, पोरीचं लग्न हाय, अर्धा तास जास्ती सोडा." मामा सोडायचा. आता ॲपवर अर्ज करायचा आणि त्यात कारण निवडायचं: लग्न, बारसं, बांधकाम, आजारपण. आणि एका रात्री त्या गल्लीत कुणीतरी जातं. पाण्याची पाळी दोन दिवसांनी आहे, बॅरल तळाला गेलंय, माणसाला शेवटची आंघोळ घालायचीय, आणि ॲपच्या यादीत मयत नाहीच.

इथं थांबा. थीम इथं सापडली. गरज कुणाला कळते आणि गरज मोजतं कोण, हा तो प्रश्न. मामा लबाड होता, कधी दहा-वीस रुपये घ्यायचा, पण त्याच्याशी भांडता यायचं. सिस्टीम प्रामाणिक आहे आणि तिच्याशी भांडायला समोर कुणी नाहीच. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, परिणामांचा माग काढत गेल्यावर मिळालं, आणि म्हणूनच मी म्हणतो की थीम आधी ठरवून गोष्ट लिहू नका, गोष्ट ताणत जा, थीम तिथं भेटते.

समोरची बाजूसुद्धा खरी पाहिजे

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो. मशीन वाईट आणि मामा देवमाणूस असं केलंत की फिल्म पुन्हा निबंध झाली. म्हणून असं एक माणूस उभं करा ज्याचं त्या सिस्टीमनं खरोखर भलं झालंय. गल्लीच्या टोकाला नरसम्माचं घर आहे. पाईपचं शेवटचं टोक, त्यामुळं तिच्या नळाला प्रेशर कधी यायचंच नाही, मामा तिच्या वेळेपर्यंत चावी बंद करून निघून गेलेला असायचा, आणि ती मामाला चहा-पाणी द्यायच्या परिस्थितीत पण नव्हती. दिवसभर बिड्या वळायच्या आणि रात्री दुसऱ्याच्या नळावर घागर घेऊन उभं राहायचं. सिस्टीम आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नळाला धार आली. तिला जाऊन सांगा की मशीनला माणुसकी नसते. ती म्हणेल, माणुसकी होती तेव्हा माझ्या वाट्याला काय आलं?

आता मयताच्या रात्री मामाकडं सगळे आलेत, जुनी चावी अजून त्याच्या घरात कोपऱ्यात उभी आहे. व्हॉल्व्हला हात लावणं गुन्हा आहे, ते एक सोडा, गुन्ह्याची भीती स्वस्त असते. खरी अडचण अशी की त्यानं या गल्लीला पाणी ओढलं की आत्ता ज्या टोकाला पाळी चालू आहे तिथलं प्रेशर पडणार, म्हणजे नरसम्माचा नळ बंद होणार. मामानं आयुष्यभर जिचं पाणी तोडलं तिचंच पुन्हा तोडायचं, ते पण चांगल्या कारणासाठी. कुठलाही निर्णय घेतला तरी कुणीतरी पाण्यावाचून राहतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये असा प्रसंग आला की समजा काम होत आलंय, आणि नाही आला तर शूटची तारीख पुढं ढकला पण तो शोधा.

शेवटाबद्दल एक मोह होतो तो सांगून ठेवतो. पहिल्यांदा सगळ्यांना सुचतं की नरसम्मा स्वतःची भरलेली घागर घेऊन येते आणि मयताला देते. सुंदर आहे, लोक रडतील. पण त्यानं सिस्टीम सुटते, मामा सुटतो, आणि किंमत पुन्हा नरसम्माच्याच डोक्यावर, वर ती थोर पण ठरते. गरिबाच्या मोठेपणावर प्रश्न मिटवून टाकणं मला तरी पटत नाही. मी काय करेन? मामा दहा मिनिटं पाणी सोडतो. आंघोळ होते. सकाळी सगळ्या गल्लीच्या फोनवर मेसेज येतो: आपल्या भागात गळती आढळल्याने पुढील पाळीत कपात. सिस्टीमनं तिच्या परीनं बरोबरच केलंय, पाणी गेलं तर होतंच. नरसम्मा तो मेसेज शेजारच्या पोराकडनं वाचून घेते आणि मामाच्या दाराकडं बघते. तिथं कट.

बोलून दाखवू नका

स्क्रिप्ट झालं की लाल पेन घ्या आणि थीम सरळ सांगणारं प्रत्येक वाक्य खोडा. "यंत्राला माणसाचं दुःख कळत नाही मामा!" हे वाक्य तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठंतरी असणारच, ते पहिलं खोडा. त्याच्या जागी पोरगं फोन वरखाली करत म्हणतं, "लग्नाचं बटण हाय. मयताचं न्हाईच की ह्यात." यात मोठं काही म्हटलेलं नाही, त्या पोराला जे दिसतंय तेवढंच तो सांगतोय, आणि तरी सगळं आलं.

माणसं आपल्यासारखी बोलू द्या. भविष्यकाळ आला म्हणून लगेच सगळे प्रमाण मराठीत बोलायला लागत नाहीत. "काय करलालास बे" म्हणणारा पोरगा २०५० मध्ये पण तसंच म्हणणार. घरात तेलुगू, कामावर मराठी, नातेवाईकांत कन्नड, दोस्तात दखनी उर्दू असं हे शहर आहे, आणि नेमका हाच धागा साय-फायला सोन्यासारखा आहे, कारण मशीनला बहुतेक वेळा एकच शुद्ध भाषा शिकवलेली असते.

थीम वाक्यातनं काढली की ती वस्तूत आणि आवाजात ठेवायची. या गोष्टीत चावी आहेच, पण आवाज त्याहून स्वस्त आणि त्याहून जोरदार. पाणी यायच्या आधी नळातनं हवा सुटते, फुस्स करतं, मग दोनदा थुंकल्यासारखं गढूळ पाणी येतं, मग धार. सोलापुरातली बाई गाढ झोपेतनं त्या फुस्सवर उठते. फिल्मच्या सुरुवातीला तो आवाज नीट ऐकवा, लोकांच्या घागरींचे आवाज, बॅरलमध्ये पाणी पडताना वर वर चढत जाणारा सूर, सगळं. सिस्टीम आल्यावर त्याच्या जागी फोनची टिंग येऊ द्या. आणि मयताच्या प्रसंगात म्युझिक लावू नका हो, नळ उघडा ठेवा आणि काहीच ऐकू येऊ देऊ नका. आवाज मोबाईलवर वेगळा रेकॉर्ड करा, कॅमेऱ्याच्या माईकवर विसंबू नका, कुणाच्या लग्नाची वरात चालू असली तर थांबा.

पाण्याशिवाय गोष्टीचं दुसरं बीज हवं असेल तर सोलापूर भरलेलं आहे. बिडी कामगार बायकांचे हात जवळनं बघा. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, वर्षानुवर्षं तेच, बोटांचे ठसे झिजून जातात, मग अंगठा लावायच्या मशीनवर ते उमटत नाहीत. मशीन कामाचा पुरावा मागतंय आणि पुरावा त्या कामानंच पुसलाय. यात फक्त एवढं बदला की उद्या सगळंच अंगठ्यावर आलं: घराचं दार, औषध, एसटीचं तिकीट.

किंवा चादर. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते, आणि जकार्ड म्हणजे काय तर भोकं पाडलेल्या पट्ट्यांवर लिहिलेला हुकूम, भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र १८०४ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं, तीच पंचकार्डची कल्पना पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणित करणाऱ्या इंजिनासाठी घेतली, आणि ॲडा लव्हलेसनं १८४३ मध्ये लिहिलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे इंजिन बीजगणिताची नक्षी विणेल. म्हणजे कॉम्प्युटरच्या खानदानातलं यंत्र आपल्या गल्लीबोळात खटखटत आलंय आणि आपण साय-फायसाठी न्यूयॉर्कचे फोटो डाऊनलोड करतोय! एक गोष्ट अशी करून बघा की जुन्या चादरी स्कॅन करून एआय नवी नक्षी काढतंय, आणि एक म्हातारा कारागीर त्यात स्वतःचा मोर ओळखतो. मोर कुणाचा? त्याचा, मालकाचा, की ज्या चादरीवरनं त्यानं तरुणपणी उचलला तिचा? मला स्वतःला उत्तर माहीत नाही, आणि ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असाच प्रश्न निवडावा.

उन्हाळ्यात उजनी आटली की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातनं वर येतं, बुडालेल्या गावांच्या खुणा दिसायला लागतात. टाईम ट्रॅव्हलसाठी याहून चांगला सेट कुठं मिळणार.

लोकेशन आणि लूकवर जास्त बोलत नाही. भविष्य म्हणजे सगळं नवं असं कधीच नसतं, जुन्याच्या डोक्यावर नवं येऊन बसतं. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिल्या २० शहरांची यादी आली त्यात सोलापूर होतं, आणि आजही एलईडी खांबाखाली माणूस हातगाडीवर भाजलेल्या शेंगा विकतो, हीच तुमची फ्रेम. बंद गिरणीच्या भिंती, चिंचोली एमआयडीसीतले शेड, फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पाच्या धुराड्या लांबनं, एवढं पुरतं, फक्त आत शिरायच्या आधी परवानगी काढा. आणि पैसे नाहीत हे कारण सांगू नका. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करची 'ला जेते' १९६२ ची आहे, २८ मिनिटांची, टाईम ट्रॅव्हलची गोष्ट, आणि जवळजवळ सगळी फिल्म स्थिर फोटोंवर चालते, हलतं चित्र फक्त एकदा काही क्षण येतं. तेवढ्यासाठीच ते अंगावर येतं.

विज्ञान मात्र नीट करून घ्या. व्हॉल्व्ह बंद झाला की प्रेशर कुठं पडतं, टोकाच्या घराला पाणी का कमी येतं, हे पाणीपुरवठ्यातल्या एखाद्या माणसाला किंवा कॉलेजातल्या इंजिनिअरिंगच्या सरांना चहा पाजून विचारा. मघाशी सांगितलेला मामाचा पेच पाण्याच्या या साध्या नियमावरच उभा आहे, नियम चुकला की पेचच उरत नाही. फिल्ममध्ये समजावून सांगायची गरज नाही, तुम्हाला पक्कं माहीत असलं की पुरे.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी झाली की दाखवा, आणि मित्रांना दाखवू नका, ते कौतुकच करणार. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडनं लिहून घेऊन, म्हणजे बक्षीस मिळालं ते कथेलाच. तुम्हीही फिल्म कुणाची आहे ते सांगू नका. चावीवाल्या मामाच्या वयाचा एक माणूस, नरसम्मासारखी एखादी बाई, कॉलेजचं एक पोरगं, अशांना बसवा, आणि एकदा आवाज बंद करून दाखवा. मग "आवडली का" असं न विचारता "मामानं बरोबर केलं का" विचारा आणि गप्प बसा, मध्ये बोलू नका, समजावू नका. ते आपसात भांडायला लागले, एक म्हणाला बरोबर आणि दुसरा म्हणाला नरसम्मानं काय घोडं मारलंय, तर फिल्म लॉक करा, म्हणजे एडिट तिथंच थांबवा. सगळ्यांचं एकमत झालं तर नरसम्माचे सीन वाढवा. आणि कुणी पहिल्या झटक्यात "ॲपचा स्क्रीन भारी केलाय" म्हणालं तर तो स्क्रीन लहान करा, पोराच्या हातात जरा तिरका धरा, अर्धाच दिसू द्या आणि पुन्हा दुसऱ्या लोकांना दाखवा.